मे महिन्यातही गप्प राहणारा कॉम्प्युटर कसा जोडायचा

पुण्यात शांत कॉम्प्युटर जोडायचा तर हिशोब मे महिन्याचा धरायचा. जानेवारीत खोली २०-२२ अंशांवर असते तेव्हा कुठलाही कॉम्प्युटर शहाण्यासारखा वागतो. एप्रिल-मेमध्ये शहराचा पारा चाळिशीला टेकतो, वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापून रात्री दहालाही खोली ३३-३४ वर धरून ठेवतो, आणि तोच कॉम्प्युटर मिक्सर लावल्यासारखा ओरडायला लागतो. कूलर कितीही भारी घ्या, तो खोलीच्या हवेनेच गार करतो. खोली १२ अंशांनी तापली की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डही जवळपास तेवढेच वर जातात, आणि फॅन ती तूट वेगाने भरून काढू पाहतात.

महागडे फॅन आणून हा आवाज जात नाही. आधी वॅट कमी करायचे, मग हवेला वाट द्यायची, फॅन त्यानंतर, आणि सेटिंग सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमके उलट्या क्रमाने जातात आणि मग तीन-तीनदा खर्च करतात.

आधी वॅट

प्रोसेसरच्या खोक्यावर लिहिलेला वॅटचा आकडा म्हणजे तो प्रत्यक्षात खाईल ती वीज नव्हे. एएमडीच्या रायझन ५ ७६०० या प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेले असतात, पण पूर्ण ताणाखाली त्याला ८८ वॅटपर्यंत मुभा असते. इंटेलच्या आय५-१३४०० चा मूळ आकडा ६५, टर्बोचा (जोर लावतानाचा) १४८. रायझन ९ ७९५०एक्सवर १७० छापलेले असतात आणि तो २३० पर्यंत जातो. कूलर निवडताना आणि उष्णतेचा हिशोब करताना हा वरचा आकडा धरायचा.

ग्राफिक्स कार्डाचं गणित त्याहून सरळ आहे: एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट, ४०६० टीआयला १६०. एकाच चिपचं दोन फॅनचं छोटं कार्ड आणि तीन फॅनचं लांब कार्ड यांत वेगात नावापुरता फरक असतो, आवाजात मात्र मोठा. हीटसिंक, म्हणजे उष्णता पसरवणारा पात्यांचा धातूचा ठोकळा, मोठा असला की फॅन हळू फिरवून भागतं. शांततेसाठी चार पैसे जास्त मोजायचेच असतील तर ते इथे मोजा, दिव्यांच्या माळा लावलेल्या रॅमवर नको.

पुढच्या हिशोबासाठी एक मध्यम मशीन डोळ्यांसमोर ठेवू: ८८ वॅट खाणारा प्रोसेसर, १६० वॅटचं कार्ड, आणि मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएसमधली (वीज पुरवणाऱ्या डब्यातली) गळती असे आणखी पन्नासेक. म्हणजे गेम चालू असताना ३०० वॅट. पन्नास वॅटचे सहा सोल्डरिंग गन एका बंद पेटीत लावून ठेवल्यासारखंच.

हवेचा हिशोब

ही ३०० वॅट उष्णता बाहेर काढताना कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा साधारण १० अंशांनीच वर राहावी असं पाहायचं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, वर मे महिन्याची हवा पातळ, त्यामुळे इथे दर घनमीटर हवा मुंबईच्या हिवाळ्यातल्या हवेपेक्षा थोडी कमी उष्णता उचलते. हे धरून गणित केलं तर ताशी साधारण १०० घनमीटर, म्हणजे ६० सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) आसपास हवा लागते.

हा आकडा ऐकून वाटेल की एकच फॅन पुरे, कारण १२० एमएमच्या बऱ्याच फॅनच्या खोक्यावर ५५-६० सीएफएम लिहिलेलं असतं. पण ते पूर्ण वेगाने आणि पुढे-मागे काहीही अडथळा नसताना. कॅबिनेटची जाळी, धुळीची चाळणी, वायरींचा गुंता यांतून गेल्यावर त्यातलं निम्मं उरलं तरी नशीब. म्हणून खोक्यावरच्या आकड्यांची बेरीज १००-१२० यावी, आणि तीही फॅन अर्ध्या वेगाने फिरत असताना.

अर्ध्या वेगाचा हट्ट का, तर आवाज वेगापेक्षा फार झपाट्याने वाढतो. १५०० आरपीएमचा (मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांचा) फॅन ७५० वर आणला की हवा निम्मी होते, पण आवाज जवळपास १५ डेसिबलने पडतो. एकाऐवजी असे दोन फॅन लावले की हवा पुन्हा पहिल्याइतकी होते, आणि दुसऱ्या फॅनमुळे आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. तेवढीच हवा, १२ डेसिबल कमी आवाज. माणसाच्या कानाला १० डेसिबलची घट म्हणजे आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. शांत कॉम्प्युटरचं बहुतेक सगळं गुपित या एका हिशोबात आहे. म्हणूनच पुढे १४० एमएमचे दोन आणि मागे १२० किंवा १४० एमएमचा एक, असे तीन फॅन ६०० ते ९०० आरपीएमवर फिरवले की आपल्या मशीनला पुरतात. सहा-सात फॅन लावून फारसं काही साधत नाही.

काय घ्यायचं

कॅबिनेट पुढून जाळीचं हवं. पुढे काच असलेली कॅबिनेटं दुकानात छान दिसतात, पण हवा बिचारी कडेच्या बोटभर फटीतून आत येते. आतून फोम लावलेली बंद तोंडाची ‘सायलेंट’ कॅबिनेटं थंड देशांत ठीक. इथे मे महिन्यात त्यांच्यातले फॅन इतके वर चढतात की फोमने अडवलेला आवाज दुसऱ्या दाराने परत येतो. पत्रा हाताने दाबून पाहा. बोटाने खळ्ळकन आत जाणारा पत्रा हार्ड डिस्कबरोबर तबला वाजवणार.

खरेदीआधी दोन मापं जुळवून घ्या: कॅबिनेटमध्ये बसणारी कूलरची जास्तीत जास्त उंची आणि ग्राफिक्स कार्डाची लांबी. नॉक्टुआ एनएच-डी१५ सारखा दोन मनोऱ्यांचा (पात्यांचे दोन उभे ठोकळे असलेला) कूलर १६५ एमएम उंच असतो. १६० एमएमची मर्यादा असलेल्या कॅबिनेटची काच त्यावर लागत नाही, आणि हे जोडून झाल्यावरच कळतं. उंच पत्रे असलेली रॅमही मोठ्या कूलरच्या पुढच्या फॅनखाली अडते. मग फॅन वर सरकवावा लागतो आणि उंची आणखी वाढते.

८८ वॅटच्या प्रोसेसरला चार हीटपाइपचा (उष्णता वाहणाऱ्या नळ्यांचा), १२० एमएम फॅनचा एक मनोरा पुरतो. दीडशे वॅटच्या आसपास दोन मनोऱ्यांचा घ्या. पाण्याच्या कूलरबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: दोनशे वॅटच्या खाली त्याची गरज नाही. फॅन हळू केला तरी पंपाची बारीक किणकिण उरतेच. काही वर्षांत नळ्यांतून थोडं थोडं पाणी उडून जातं आणि आतली हवा बुडबुड करायला लागते. घ्यायचाच असेल तर रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच राहील असा बसवा, म्हणजे हवा पंपात न येता रेडिएटरमध्ये साठते.

फॅन चार पिनांचे, पीडब्ल्यूएमवाले (चौथ्या पिनेतून वेग सांगता येणारे) घ्या. बेअरिंगकडे लक्ष द्या: साधं स्लीव्ह बेअरिंग नवं असताना शांत असतं, पण पुण्याच्या उन्हाळ्यात त्यातलं तेल लवकर सुकतं, विशेषतः फॅन आडवा, कॅबिनेटच्या छताला लावला असेल तर. फ्लुइड डायनॅमिक बेअरिंगचे फॅन थोडे महाग पण वर्षानुवर्षं टिकतात. आर्क्टिकची पी मालिका हा पैसे वसूल करणारा पर्याय, नॉक्टुआ हा चोचल्यांचा. कुठलेही घ्या, पुढचे दोन एकाच मॉडेलचे असू द्या.

एसएमपीएस ५५० ते ६५० वॅटचा. ३०० वॅटच्या मशीनला एवढा मोठा कशाला, असं दुकानदारही विचारेल. निम्म्या ताणावर एसएमपीएसची कार्यक्षमता सगळ्यात चांगली असते, तो कमी तापतो आणि त्याचा फॅन संथ राहतो किंवा फिरतच नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे ना ते बघा. स्क्वेअर वेव्हवर चांगले एसएमपीएस गुणगुणतात, काही तर सरळ बंद पडतात.

फिरती हार्ड डिस्क शक्यतो टाळाच. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेऱ्यांची थरथर पत्र्यात सोडते आणि ती फॅनपेक्षा जास्त छळते, कारण ती एकसुरी असते. कामाला एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे मदरबोर्डवरच बसणारी, काहीही न फिरणारी डिस्क, आणि लग्नाच्या व्हिडिओंचा साठा बाहेरच्या डिस्कवर, लागेल तेव्हा जोडायचा.

किरकोळ सामान बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं: वेल्क्रोच्या पट्ट्या, रबरी वॉशर, फॅनचे वाय केबल (एका जोडावर दोन फॅन लावणारे), आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि दोन इंची मऊ ब्रश. गाडी घेऊन जाऊ नका.

जोडणी

मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर, त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि कूलरची पट्टी बसवून घ्या. एसएसडीच्या हीटसिंकखालची आणि कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढली का, हे दोनदा बघा. जोडल्यावर मिनिटभरात प्रोसेसर ९५ वर गेला तर दहात नऊ वेळा ही फिल्मच राहिलेली असते.

थर्मल पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी. एएम५ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) रायझनवर झाकणाला कडेने खाचा असतात. पेस्ट जास्त झाली की त्या खाचांत भरते. वीजवाहक नसलेली पेस्ट असेल तर नुकसान नाही, पण पुसताना जीव मेटाकुटीला येतो. कूलर सरळ वरून टेकवा, किंचित डावी-उजवीकडे हलवा, आणि स्क्रू आलटून पालटून दोन-दोन फेऱ्यांनी आवळा. एक स्क्रू आधी पूर्ण आवळला की कूलर एका बाजूला कलतो, पेस्ट पाचरीसारखी बसते, आणि काही कोअर बाकीच्यांपेक्षा दहा-दहा अंश वर दिसतात. जुन्या एएम४ सॉकेटवरून कूलर काढायचा असेल तर आधी मशीन दहा मिनिटं तापवा, बंद करा, मग कूलर गोल फिरवत सोडवा. थंड असताना सरळ ओढला तर प्रोसेसर पिनांसकट उपटून हातात येतो.

कूलरच्या फॅनची हवा कॅबिनेटच्या मागच्या फॅनकडे जायला हवी. फॅनची दिशा ओळखायला बाण नसेल तर हे लक्षात ठेवा: ज्या बाजूला चौकटीचे आडवे दांडे आणि मोटरचं स्टिकर दिसतं, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढचे दोन आत खेचणारे, मागचा बाहेर फेकणारा. छताला फॅन लावायचा मोह झालाच तर मागच्या कोपऱ्यात लावा. छताच्या पुढच्या भागात लावलेला फॅन पुढून आलेली गार हवा कूलरपर्यंत पोचायच्या आतच वर ओढून घेतो.

फॅन आणि जाळी यांत अंतर असलेलं बरं. पाती जाळीच्या अगदी जवळून गेली की एक शिट्टीसारखा सूर निघतो, आणि तो आत खेचणाऱ्या फॅनला जास्त त्रास देतो. पाच ते दहा एमएमचा रबरी किंवा प्लास्टिकचा स्पेसर मध्ये टाकला तर तोच फॅन त्याच वेगाला निवांत होतो. हे काम पन्नास रुपयांचं, फरक नव्या फॅनइतका. धातूच्या स्क्रूऐवजी रबरी पिना वापरल्या तर थरथरही पत्र्यापर्यंत पोचत नाही.

वायरी मदरबोर्डच्या मागून फिरवा, पण त्यात सुंदरतेचा अट्टहास नको. पुढच्या फॅनसमोर जुडगा लटकत नसला आणि एकही वायर पात्यांना घासत नसली की पुरे. मागचे रिकामे स्लॉट त्यांच्या पट्ट्यांनी झाका. तिथून पावसाळ्यात झुरळं आणि पाली ऊब शोधत आत येतात, आणि एसएमपीएसमध्ये शिरलेली पाल स्वतःही जाते आणि एसएमपीएसही नेते.

एएम५ मशीन पहिल्यांदा सुरू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, कारण ते रॅमची जुळणी करत असतं. घाबरून स्विच बंद करू नका.

बायोसमध्ये

बायोस म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणारी मदरबोर्डची सेटिंग. तिथे सगळ्यात आधी प्रत्येक फॅनचा हेडर (मदरबोर्डवरचा जोड) पीडब्ल्यूएम मोडवर आहे का ते बघा. चार पिनांचा फॅन डीसी मोडवर (व्होल्टेज बदलून वेग बदलणाऱ्या) राहिला तर कमी व्होल्टेजला तो अडखळतो किंवा सुरूच होत नाही. तीन पिनांचा फॅन मात्र डीसी मोडवरच हवा. पीडब्ल्यूएमवर ठेवलात तर तो कायम पूर्ण वेगाने पळतो, आणि लोक समजतात फॅनच भिकार आहे. दोन्ही ‘ऑटो’वर सोडून देऊ नका.

मग वॅट आवळा. रायझनला ईको मोड किंवा पीपीटीची (कमाल वॅटची) मर्यादा, इंटेलला पीएल१ (सतत चालणारे वॅट) आणि पीएल२ (टर्बोचे वॅट). काही मदरबोर्ड कंपन्या इंटेलच्या या मर्यादा आपणहून उघड्या सोडतात, म्हणून त्या हाताने भराच. आय५-१३४०० ला पीएल१ ६५ आणि पीएल२ १०० ते १२० ठेवलं तर गेममध्ये फरक शोधावा लागेल, व्हिडिओ रेंडरला थोडा जास्त वेळ लागेल. रायझनला कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज उतरवणारी सेटिंग) उणे १५ पासून सुरू करा. मशीन रिकामं असताना रीस्टार्ट होऊ लागलं तर उणे १० वर या. ही गडबड ताणाखाली दिसत नाही, रिकाम्या वेळी दिसते, म्हणून दोन दिवस वापरून मगच खात्री माना.

आता फॅनची चढण, म्हणजे किती तापमानाला किती वेग. पुण्यासाठीची खुबी अशी की रिकामा बसलेला प्रोसेसर जानेवारीत ३८ वर असतो आणि मे महिन्यात ५० वर. चढण ४५ पासून सुरू केली तर उन्हाळाभर फॅन विनाकारण वर-खाली करत राहतो. कूलरच्या फॅनला असा हिशोब द्या: ६० अंशांपर्यंत ३० टक्के, ७२ ला ४५, ८२ ला ६५, ९० ला १००. आधुनिक प्रोसेसर ब्राउझरची एक टॅब उघडली तरी क्षणभर पंधरा अंशांनी उसळतो. त्या प्रत्येक उसळीला फॅनने दाद दिली की तो सुस्कारे टाकल्यासारखा वाजतो. म्हणून ‘स्टेप अप’ किंवा ‘स्मूदिंग’ नावाची सेटिंग असेल तिथे वर चढायला तीन-चार सेकंद आणि उतरायला त्याहून जास्त वेळ द्या. प्रोसेसर त्याने जळत नाही. कूलरचा धातू तेवढी उष्णता सहज पोटात घालतो.

कॅबिनेटचे फॅन प्रोसेसरच्या तापमानाला बांधू नका. गेममध्ये जास्त उष्णता कार्ड सोडतं, प्रोसेसर नव्हे. विंडोजवर ‘फॅन कंट्रोल’ हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन पुढचे फॅन कार्डाच्या तापमानाला बांधा: ५० पर्यंत ५०० आरपीएम, ७५ ला ९००. सॉफ्टवेअर नको असेल तर बायोसमध्ये मदरबोर्डच्या सेन्सरला बांधा. तो सावकाश हलतो, म्हणून फॅनही सावकाश हलतात. पुढच्या दोघांचा वेग जवळजवळ सारखा पण किंचित वेगळा असेल, समजा ८०० आणि ८२०, तर दोन आवाज एकमेकांत मिसळून घूं-घूं-घूं अशी लाट येते. वाय केबलवर एकत्र ठेवा, नाहीतर फरक शंभराच्या वर न्या.

फॅन फारच हळू केला तर सुरू होताना ‘सीपीयू फॅन एरर’ दिसेल. बायोसमधली इशाऱ्याची खालची मर्यादा ६०० वरून २०० किंवा ३०० करा.

ग्राफिक्स कार्डाचे फॅन ५०-५५ अंशांच्या खाली बंद राहतात, ही सोय हिवाळ्यात छान. मे महिन्यात कार्ड रिकामं बसूनही ५२-५३ वर घुटमळतं आणि त्याचे फॅन दर दोन मिनिटांनी सुरू-बंद, सुरू-बंद. एकदा कान तिकडे गेला की दुसरं काही सुचत नाही. यावर उपाय दोन: पुढचे फॅन ५०० वर कायम फिरते ठेवा, किंवा एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमधून कार्डाच्या फॅनला ३० टक्क्यांचा स्थिर वेग द्या. सतत येणारा बारीक आवाज कान विसरतो, मधूनच येणारा विसरत नाही. आफ्टरबर्नर उघडलंच आहे तर पॉवर लिमिट ८० टक्के करा. १६० वॅटचं कार्ड १२८ वर येतं, फ्रेम थोड्याच घटतात आणि कार्डाचे फॅन लक्षात येण्याइतके उतरतात.

तपासणी, आणि आवाज कुठून येतोय

एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून ठेवा. प्रोसेसरसाठी सिनेबेंच ही ताण देणारी चाचणी अर्धा तास, कार्डासाठी तुमचा नेहमीचा सगळ्यात जड गेम तासभर. पाच मिनिटांची चाचणी फसवते. कॅबिनेटचा पत्रा आणि हीटसिंक तापून स्थिर व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. खोलीचं तापमान शेजारी लिहून ठेवा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. ३५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ८०-८२ आणि कार्ड ७५ ही उत्तम जोडणी समजा. तेच आकडे जानेवारीच्या २२ अंशांत आले तर कुठेतरी चुकलंय.

मग बाजूची काच काढून पुन्हा तपासा. काच काढल्यावर तापमान तीन-चार अंशांनी उतरलं तर ठीक. दहा अंशांनी उतरलं तर हवेची वाट तुंबली आहे: पुढची चाळणी, उलटा लागलेला फॅन, किंवा भिंतीला टेकलेलं कॅबिनेट.

आवाज शोधायला मोबाइलचं डेसिबल अॅप कामाचं नाही; शांत खोलीत मोबाइलचा माइक स्वतःचीच सळसळ मोजतो. पुठ्ठ्याची नळी, किचन रोलची चालेल, कानाला लावून एकेका भागावर फिरवा. संशयित फॅन बायोसमधून क्षणभर बंद करून पाहा. फॅन सगळे थांबले तरी किर्र आवाज येत असेल तर तो कॉइलचा (तारेच्या वेटोळ्याचा), कार्डातून किंवा एसएमपीएसमधून. गेमच्या मेनूमध्ये कार्ड उगाचच चारशे फ्रेम काढत असतं तेव्हा तो सगळ्यात जास्त येतो. फ्रेमची मर्यादा मॉनिटरइतकी, ६० किंवा १४४, लावली की बहुतेक वेळा तो विरतो.

हवा कॅबिनेटमध्ये नेमकी कुठून शिरते ते बघायला उदबत्ती पुरते. फटींजवळ धरा. धूर आत ओढला जात असेल तर बाहेर फेकणारे फॅन जास्त जोरात आहेत, आणि प्रत्येक फटीतून न गाळलेली धूळ आत येणार. मागच्या फॅनचा वेग शंभर-दीडशेने उतरवा, म्हणजे हवा फक्त चाळणीतूनच येईल. राख मात्र मदरबोर्डवर पाडू नका.

ठेवायचं कुठे, पुसायचं कधी

कॉम्प्युटर टेबलच्या बंद कप्प्यात मशीन ठेवलं की वरची सगळी मेहनत वाया. तिथे ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा पितं. मागे वीतभर जागा सोडा. पोकळ प्लायवूडच्या टेबलावर ठेवलं तर टेबल आवाज मोठा करतं. जमिनीवर ठेवलं तर केर आणि फरशी पुसतानाचं पाणी. मधला मार्ग: जमिनीपासून दहा-पंधरा सेंटीमीटर उंच स्टँड, त्यावर कडाप्प्याचा एक तुकडा, आणि कडाप्प्याखाली जुन्या माउसपॅडचे चार चौकोन. जड दगड थरथर खातो, रबर उरलेली अडवतो. खाली सतरंजी असेल आणि एसएमपीएस तळातून हवा घेत असेल तर सतरंजी काढा.

वाकड, बाणेर, हिंजवडीकडे, जिथे समोरच बांधकाम चालू असतं, तिथे चाळणी पंधरा दिवसांनी काढून नळाखाली धुवा आणि पूर्ण सुकवून लावा. पेठांत महिनाभर चालते. खिडकीची डासांची जाळी चाळणी म्हणून लावली तर ती केस आणि कापसाचे पुंजके अडवते, सिमेंटची बारीक धूळ नाही. उलट टोकाला जाऊन ओढणीचं कापडही लावू नका. त्यातून हवाच जात नाही.

आतली सफाई वर्षातून दोनदा: एकदा दिवाळीच्या साफसफाईत, एकदा फेब्रुवारीच्या शेवटी, ऊन चढायच्या आत. पावसाळ्याआधी धूळ तशीच राहिली तर दमट हवेत ती हीटसिंकच्या पात्यांवर लेपासारखी बसते आणि ब्लोअरने निघत नाही. गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते तो वेळ याला बरा. प्लग काढा, गॅलरीत न्या, ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडलेला फॅन ब्लोअरच्या झोताने भलत्याच वेगाने फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. व्हॅक्यूम क्लीनरची नळी आत घालू नका, तिच्या टोकाशी स्थिर वीज साठते. हीटसिंक आणि कूलरचा फॅन यांच्या मधल्या फटीत साठलेला नमदा ब्लोअरने हलत नाही. फॅनची क्लिप काढून ब्रशने उचलावा लागतो.

पेस्ट दरवर्षी बदलायची गरज नाही. त्याच खोलीच्या तापमानाला, त्याच चाचणीत आकडे सात-आठ अंशांनी वर गेले आणि सफाई करूनही उतरले नाहीत, तरच कूलर काढा, आयपीएने दोन्ही बाजू पुसा आणि नवी लावा. एखादा फॅन सकाळी सुरू करताना घरघर करून मिनिटभराने गप्प होत असेल तर त्याचं बेअरिंग सुकत चाललंय. स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकला तर तो पावसाळ्यापर्यंत ढकलता येतो, तोवर नवा आणून ठेवा.